संपादक शोएबुल्ला खान आणि एका निकालाची वाट

सप्टेंबर जवळ आला की आपल्या मंडळात हैदराबाद मुक्तिसंग्रामाचा विषय निघतो. स्वामी रामानंद तीर्थ, गोविंदभाई श्रॉफ, दिगंबरराव बिंदू ही नावे घेतली जातात, आणि ती घ्यायलाच हवीत. परंतु एक नाव बहुधा राहून जाते. ते मराठी माणसाचे नाव नाही. हा माणूस उर्दूत लिहायचा. त्याच्या वृत्तपत्राचे कार्यालय मात्र काचीगुड्यात होते, म्हणजे आपल्यापैकी पुष्कळांच्या आजोबा-पणजोबांच्या घरांपासून चार पावलांवर. त्याचा खूनही त्याच भागात झाला, आणि त्या खुनाच्या खटल्याच्या निकालाची वाट सगळ्या शहराने पाहिली. त्या शोएबुल्ला खान यांचे चरित्र आम्ही आज थोडक्यात सांगत आहोत. मुलांनाही वाचून दाखवता यावे, अशा बेताने लिहिले आहे.

जन्म आणि शिक्षण

शोएबुल्ला खान यांचा जन्म १७ ऑक्टोबर १९२० रोजी तेव्हाच्या वरंगल जिल्ह्यात झाला. वडील हबीबुल्ला खान हे रेल्वे पोलिसांत नोकरीला होते. त्यांच्या जन्माविषयी एक आख्यायिका आजही सांगितली जाते. त्याच सुमारास महात्मा गांधींची गाडी त्या मार्गाने गेली आणि हबीबुल्लांना त्यांचे दर्शन घडले. घरी येऊन पाहतात तर मुलगा झालेला, आणि त्याच्या चेहऱ्यात त्यांना गांधीजींचा भास झाला. तेव्हापासून ते लाडाने मुलाला शोएबुल्ला गांधी म्हणू लागले. यात खरे किती आणि पुढे भर पडलेली किती, हे बाजूला ठेवले तरी एवढे खरे की निजामाच्या राज्यातल्या एका साध्या मुसलमान शिपाईपेशाच्या घरात गांधीजींचे नाव आदराने घेतले जात होते.

शोएबुल्लांनी उस्मानिया विद्यापीठातून बी. ए. केले. त्या काळी उस्मानियाचा मुसलमान पदवीधर म्हणजे सरकारी नोकरीचा हक्कदारच. महसूल, पोलीस, कस्टम, शिक्षण, कुठल्याही खात्यात सोय लागली असती. महिन्याच्या महिन्याला पगार आणि शेवटी पेन्शन. ज्यांनी आयुष्यभर नोकरी केली त्यांना या वाटेचे मोल सांगायला नको. शोएबुल्लांनी ती सोडली आणि तुटपुंज्या पगारावर वृत्तपत्रात काम धरले.

बंद पडणारी वृत्तपत्रे

तेव्हाचे हैदराबाद संस्थान सोळा जिल्ह्यांचे होते. आठ जिल्हे तेलुगू, पाच मराठी आणि तीन कानडी. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे आपले पाच. राजभाषा उर्दू. सभा भरवायची तर परवानगी, वाचनालय काढायचे तर परवानगी, वृत्तपत्राची तर बातच नको. मराठी वाचकांना याचा अनुभव होताच. आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ मध्ये 'मराठवाडा' सुरू केला तो संस्थानाबाहेरून, आणि बंदी आली की नाव बदलून तेच पत्र पुन्हा काढण्याची कसरत त्यांना करावी लागली.

उर्दूतही फार वेगळे नव्हते. शोएबुल्ला पहिल्यांदा 'तेज' या साप्ताहिकात लागले. सरकारने ते बंद केले. मग ते मंदुमुला नरसिंगराव यांच्या 'रय्यत'मध्ये गेले. रय्यत म्हणजे प्रजा, आणि पत्रही नावाप्रमाणे प्रजेच्या बाजूचे. नरसिंगराव हे तेलुगू गृहस्थ, पण उर्दूवर त्यांचे प्रभुत्व होते. एका हिंदूच्या उर्दू पत्रात एक मुसलमान तरुण संपादकीय विभाग सांभाळतो आणि दोघे मिळून जबाबदार राज्यपद्धती मागतात, असे ते जुने हैदराबाद होते. 'रय्यत'वरही बंदी आली.

दोन पत्रे हातची गेल्यावर एखाद्याने नाद सोडला असता. शोएबुल्लांनी स्वतःचे पत्र काढायचे ठरवले. पैशाची मदत बुर्गुला रामकृष्णराव यांनी केली. हे बुर्गुला पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजचे विद्यार्थी, आणि पुढे १९५२ मध्ये हैदराबाद राज्याचे निवडून आलेले पहिले मुख्यमंत्री. अशा रीतीने १५ नोव्हेंबर १९४७ रोजी 'इमरोज' निघाला. इमरोज म्हणजे आजचा दिवस. कार्यालय काचीगुड्यात. संपादक सत्तावीस वर्षांचा.

दिवसाचे सरकार, रात्रीचे सरकार

तो काळ कसा होता, हे नव्या पिढीसाठी सांगायला हवे. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, पण निजाम मीर उस्मान अली खान यांनी विलीन व्हायचे नाकारले. नोव्हेंबरच्या अखेरीस भारत सरकार आणि निजाम यांच्यात एक वर्षाचा जैसे थे करार झाला. कनैयालाल मुन्शी भारताचे प्रतिनिधी म्हणून हैदराबादला आले. निजामाचे पंतप्रधान होते मीर लायक अली. खरी सत्ता मात्र हळूहळू तिसऱ्याच माणसाच्या हाती जात होती. तो म्हणजे कासिम रझवी. हा मूळ वकील, वकिली करायचा आपल्या लातूरला. १९४६ मध्ये इत्तेहादुल मुसलमीन या संघटनेचे अध्यक्षपद त्याच्याकडे आले आणि रझाकार नावाचे तिचे स्वयंसेवक दल त्याच्या हुकमतीखाली वाढत गेले.

रझाकारांनी मराठवाड्यात आणि तेलंगणात काय केले, ते आपल्यापैकी पुष्कळांनी घरात ऐकले आहे. गावे लुटली गेली, घरे जाळली गेली. माणसे रातोरात सरहद्द ओलांडून सोलापूर, बार्शी, अहमदनगरकडे गेली. पोलीस बघत राहायचे, कधी सामीलही व्हायचे.

'इमरोज'ने हे सगळे छापले. संस्थानात दिवसा निजाम सरकारचे राज्य असते आणि रात्री रझाकारांचे, अशा आशयाचा शोएबुल्लांचा अग्रलेख खूप गाजला. त्यांचे म्हणणे सरळ होते. ज्या राज्यात कायद्याबाहेरची टोळी रात्री निवाडा करते आणि तिला जाब विचारायला कोणी नसते, ते राज्य हिंदूंचे राहत नाही आणि मुसलमानांचेही राहत नाही. भारतात सामील व्हा, लोकांना जबाबदार सरकार द्या आणि रझाकार दल मोडा, या तीन गोष्टी ते सतत लिहीत राहिले.

हेच कोणा हिंदू संपादकाने लिहिले असते तर रझवीला तो विरोधक म्हणून सहज बाजूला काढता आला असता. पण लिहिणारा मुसलमान, उस्मानियाचा पदवीधर, उर्दूचा संपादक. सगळे मुसलमान आपल्या मागे आहेत हा रझवीचा दावा त्यामुळे रोज सकाळी खोटा पडत होता. धमक्या येऊ लागल्या. शोएबुल्लांनी लेखणी थांबवली नाही.

ऑगस्ट १९४८

ऑगस्टच्या मध्यास संस्थानातल्या सात मुसलमान गृहस्थांनी एक निवेदन काढले. त्यांत बाकर अली मिर्झा होते, मुल्ला अब्दुल बासित होते आणि फरीद मिर्झाही होते. फरीद मिर्झा नांदेड जिल्ह्यात महसूल खात्याचे अधिकारी होते. तिथले अत्याचार डोळ्यांनी पाहून त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला होता. सातही जणांनी रझाकारांचा निषेध केला आणि भारतात विलीन होण्याचा सल्ला दिला. 'इमरोज'ने हे निवेदन ठळकपणे छापले.

त्यानंतर काही दिवसांतच रझवीने शहरात भाषण केले. मुसलमानांच्या सत्तेविरुद्ध जो हात उठेल तो तोडला जाईल, असा त्याचा इशारा होता. भाषण ऐकणाऱ्यांना, आणि दुसऱ्या दिवशी त्याविषयी ऐकणाऱ्यांनाही, हा इशारा कोणाला आहे हे कळत होते.

२१ ऑगस्टला शनिवार होता. शोएबुल्ला रात्री उशिरापर्यंत कार्यालयात काम करत होते. मध्यरात्रीनंतर काम आटोपून ते मेव्हणे इस्माईल खान यांच्याबरोबर पायी घरी निघाले. लिंगमपल्ली चौकाजवळ हल्लेखोरांनी त्यांना गाठले. गोळ्या झाडल्या, तलवारीचे वार केले, आणि लिहिता हात तोडला. मेव्हणे अडवायला गेले, त्यांच्याही हातावर घाव बसला आणि ते कायमचे अधू झाले. २२ ऑगस्टच्या पहाटे शोएबुल्लांचे प्राण गेले. वयाची अठ्ठावीस वर्षे पूर्ण व्हायला दोन महिने कमी होते. मागे पत्नी राहिली, म्हातारे आईवडील राहिले.

ज्याने धमकी दिली त्याच्या शब्दाप्रमाणे हात तोडला गेला, हे दुसऱ्या दिवशी शहरातल्या लहान मुलालाही कळले. संस्थानच्या सरकारकडून न्यायाची आशा कोणालाच नव्हती. रात्रीच्या सरकारने शिक्षा दिली होती, दिवसाचे सरकार तपास काय करणार?

खुनानंतर बाविसाव्या दिवशी, १३ सप्टेंबरला, भारतीय फौजा संस्थानात शिरल्या. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती जाहीर केली. शोएबुल्लांनी ज्याची मागणी केली ते घडले, पण ते पाहायला सव्वीस दिवसांनी कमी पडले.

खटला

रझवीला लगेचच अटक झाली. मेजर जनरल जयंतनाथ चौधुरी लष्करी गव्हर्नर झाले. रझाकारांच्या गुन्ह्यांसाठी त्यांच्या राजवटीत खास न्यायाधिकरणे नेमली गेली. रझवीवर जे खटले भरले गेले त्यांतले दोन लोकांच्या विशेष लक्षात राहिले. एक शोएबुल्लांच्या खुनाचा आणि दुसरा बीबीनगरच्या दरोड्याचा. बीबीनगर हे हैदराबादजवळ रेल्वेच्या वाटेवरचे गाव, जानेवारी १९४८ मध्ये रझाकारांनी लुटलेले.

तो काळच खटल्यांचा होता. जर्मनीत न्यूरेंबर्गचा निकाल लागून दोन वर्षे होत आली होती. टोकियोचा निकाल नोव्हेंबर १९४८ मध्ये लागला. दिल्लीत लाल किल्ल्यात गांधीजींच्या खुनाचा खटला चालू होता, त्याचा निकाल १० फेब्रुवारी १९४९ ला आला. देशातला माणूस पहिल्यांदाच स्वतःच्या देशाचे कोर्ट स्वतःच्या काळातल्या मोठ्या गुन्ह्यांचा निवाडा कसा करते, ते पाहत होता. हैदराबादकरांना तर आपल्याच गल्लीतला गुन्हा कोर्टात उभा राहिलेला दिसत होता.

रेडिओ तेव्हा थोड्यांच्या घरी होता. एकाने वर्तमानपत्र घ्यायचे आणि दहा जणांनी ऐकायचे, अशी रीत होती. सुलतान बाजार, गौळीगुडा, काचीगुडा या वस्त्यांत कितीतरी कुटुंबे मराठवाड्यातून सगळे सोडून आलेली होती. त्यांच्यासाठी हा एका संपादकाच्या खुनाचाच खटला नव्हता. ज्यांच्या घरातला माणूस गेला, ज्यांचे गाव जळले, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला कोणतेच कोर्ट येणार नव्हते. म्हणून त्यांनी आपापला हिशेब या एका खटल्यावर लावला होता. रझवीला फाशी होईल, व्हायलाच पाहिजे, हे त्यांच्या मनात पक्के होते. त्या वाट पाहण्यात राग होता, तशीच भीतीही होती. कायद्यात पळवाट निघाली तर काय, ही ती भीती.

गावोगावचा निकाल

कोर्टात साक्षीपुरावे चालू असताना आणि त्याच्या आधी गावोगावी काय घडून गेले होते, हे सांगितल्याशिवाय ही हकीकत पुरी होत नाही. आपल्या समाजात यावर फारसे बोलले जात नाही.

पोलीस अॅक्शननंतरच्या आठवड्यांत उस्मानाबाद, बीदर, गुलबर्गा आणि नांदेड या जिल्ह्यांत मुसलमानांवर फार मोठा सूड उगवला गेला. भारत सरकारने पंडित सुंदरलाल यांना पाहणीसाठी पाठवले. त्यांच्याबरोबर 'पयाम' या उर्दू पत्राचे संपादक काझी अब्दुल गफ्फार होते. या समितीचा अंदाज असा होता की सगळ्या संस्थानात मिळून कमीत कमी सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मारली गेली. हा अहवाल कित्येक वर्षे लोकांसमोर आला नव्हता. मेलेल्यांत रझाकार होते, पण ज्यांचा रझाकारांशी काडीचाही संबंध नव्हता असे शेतमजूर, विणकर, दुकानदार फार होते. काही गावांत हिंदू शेजाऱ्यांनी जिवावर उदार होऊन मुसलमानांना घरात लपवले, हेही त्याच समितीने नोंदवले.

तो सुद्धा एक निकालच होता. साक्ष नाही, पुरावा नाही, अपील नाही. जमावाने एका रात्रीत दिलेला निकाल. शोएबुल्लांनी ज्याला रात्रीचे सरकार म्हटले ते हेच होते, फक्त माणसे बदलली होती. शोएबुल्ला त्या सप्टेंबरात जिवंत असते तर 'इमरोज'ने याविरुद्धही तितक्याच जोराने लिहिले असते, असे आम्हांला वाटते. आणि कदाचित उस्मानाबादच्या एखाद्या गावात त्यांना केवळ त्यांच्या नावावरून ओळखून मारलेही गेले असते.

म्हणून कोर्टाच्या निकालाची वाट पाहणे ही नुसती उत्सुकता नव्हती. त्या वाट पाहण्यात एक कबुली होती, की निवाडा आम्ही करणार नाही, कोर्ट करील. राग गिळून ही कबुली देणे सोपे नव्हते.

निकाल लागला तेव्हा

बीबीनगरच्या खटल्यात १९५० मध्ये न्यायाधिकरणाने रझवीला दोषी ठरवले आणि सात वर्षांची सक्तमजुरी दिली. शिक्षा उच्च न्यायालयात कायम राहिली. तिथून प्रकरण दिल्लीला सर्वोच्च न्यायालयात गेले. तोपर्यंत देशाची राज्यघटना लागू झाली होती. रझवीच्या वतीने म्हणणे मांडले गेले की लष्करी राजवटीने नेमलेल्या न्यायाधिकरणाची पद्धत नेहमीच्या कोर्टापेक्षा वेगळी होती, म्हणून घटनेच्या कलम १४ प्रमाणे समानतेचा भंग झाला. थोडा विचार करा. ज्याने संस्थान भारतात जाऊ नये म्हणून जिवाचे रान केले, तोच भारताच्या घटनेचा आधार मागत होता. आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याचे म्हणणे झिडकारले नाही. कायद्याचा काथ्याकूट करून, प्रत्येक मुद्दा तपासून १९५३ मध्ये बहुमताने निकाल दिला की एकंदरीत आरोपीला न्याय्य वागणूक मिळाली आहे. शिक्षा कायम झाली.

शोएबुल्लांच्या खुनाच्या खटल्यात मात्र रझवीवरचा दोष अपिलात टिकला नाही. तो फासावर गेला नाही, आणि त्या खुनासाठी त्याला शिक्षा भोगावीही लागली नाही. तुरुंगात त्याने जी वर्षे काढली ती बीबीनगरच्या दरोड्यापायी. सप्टेंबर १९५७ मध्ये तो सुटला, थोड्याच दिवसांत पाकिस्तानात गेला आणि १९७० मध्ये कराचीत मरण पावला.

लोकांना हा निकाल पचला नाही. धमकी दिली कोणी? हात तोडा असे म्हटले कोणी? त्यानंतर थोड्याच दिवसांत नेमका हातच तोडला गेला, हा काय योगायोग? असे प्रश्न त्या पिढीच्या तोंडी अखेरपर्यंत राहिले.

प्रश्न खोटे नाहीत. पण कटाच्या खटल्यात कोर्ट वेगळे प्रश्न विचारते. हुकूम दिला कोणी, कोणाला, कुठे, कधी? ऐकणारा साक्षीदार कोण? तो स्वतः गुन्ह्यात सामील असेल तर त्याच्या सांगण्याला बाहेरून दुजोरा कोणता? सभेत दिलेली धमकी आणि रात्री चौकात पडलेला घाव यांच्यामध्ये जो दुवा असतो, तो पुराव्याने जोडावा लागतो. बँकेत काम केलेल्यांना हे लवकर समजते. पैसे कोणी उचलले ते सगळ्या शाखेला ठाऊक असते, पण व्हाउचर आणि सही असल्याशिवाय कोणाच्या नावे टाकता येत नाहीत. माहीत असणे आणि सिद्ध होणे यांत जे अंतर आहे ते कोर्टाने मुद्दाम ठेवलेले असते, कारण ते अंतर मिटले की निरपराध माणूसही त्याच वाटेने फासावर जातो.

याच काळातले दुसरे उदाहरण देतो. वरंगलचे सुभेदार हबीब मोहम्मद यांच्यावर गुर्तूर या गावी झालेल्या जाळपोळीचा आणि हत्यांचा आरोप होता. न्यायाधिकरणाने त्यांना फाशी सुनावली. १९५३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. कारण असे की घटनेच्या वेळी तिथे हजर असलेल्या एका वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याला सरकारपक्षाने साक्षीलाच बोलावले नव्हते. महत्त्वाचा साक्षीदार समोर न आणता कोणाचा जीव घेता येत नाही, एवढा साधा नियम. रझवीला आणि सुभेदाराला लागू झालेले हे नियम आज तुम्हांला, आम्हांला, आपल्या मुलांना लागू आहेत. कोर्टांनी ते नावडत्या माणसांच्या खटल्यातही मोडले नाहीत, म्हणून ते टिकले.

निकालानंतरचा निकाल

मग शोएबुल्लांना न्याय मिळाला की नाही? खुनाबद्दल म्हणाल तर, ज्याच्याकडे सगळ्या शहराचे बोट होते त्याला त्याची शिक्षा झाली नाही. त्यांच्या आईवडिलांचे आणि पत्नीचे समाधान कोणत्याही कायदेशीर युक्तिवादाने होणार नव्हते. ती सल आम्ही गोड शब्दांनी झाकू इच्छित नाही.

पण दुसरी बाजूही पाहावी. शोएबुल्लांनी मागितले काय होते? रझवीचा हात तोडा, असे त्यांनी कधी लिहिले नाही. त्यांनी मागितले ते असे राज्य, की जिथे शिक्षा रात्री चौकात होत नाही, दिवसा कोर्टात होते, आणि आरोपी कितीही नावडता असला तरी त्याचे म्हणणे ऐकून घेतले जाते. ते राज्य आले, आणि त्याने पहिल्या मोठ्या परीक्षेत शोएबुल्लांच्याच खुनातल्या आरोपीला संशयाचा फायदा दिला. ही गोष्ट कडू आहे, पण शोएबुल्लांच्या लिहिण्याशी ती विसंगत नाही. रात्रीच्या सरकारने त्यांना बोलू दिले नाही, दिवसाच्या सरकारने त्यांच्या मारेकऱ्यांच्या म्होरक्या म्हणवल्या जाणाऱ्यालाही बोलू दिले. हा फरक ज्यांना कळतो, त्यांना शोएबुल्ला कशासाठी मेले तेही कळते.

आजही एखादा खून गाजला की निकालाआधीच आपले निकाल तयार असतात. मोबाइलवर चार संदेश आले की आरोपी ठरला, शिक्षाही ठरली. आपल्याच शहरात अलीकडच्या वर्षांत अशा घाईचे कौतुक झालेले आपण पाहिले आहे. त्या वेळी काचीगुड्याचा हा संपादक आठवावा. खटला लांबतो, साक्षीदार उलटतात, निकाल मनासारखा लागत नाही, हे सगळे खरे. तपास चांगला व्हावा, कोर्टे लवकर चालावीत, ही मागणी जरूर करावी. पण वाट पाहण्याचे सोडून दिले तर उरते ते फक्त रात्रीचे सरकार.

आमची मंडळाच्या सभासदांना एक विनंती आहे. येत्या १७ सप्टेंबरच्या कार्यक्रमात हुतात्म्यांची नावे वाचली जातील तेव्हा शोएबुल्ला खान हे नावही वाचले जावे, आणि मेव्हण्याला वाचवताना हात गमावलेल्या इस्माईल खान यांचेही. २२ ऑगस्टला जमल्यास मुलांना लिंगमपल्ली चौकात घेऊन जावे. तिथे रहदारी फार असते, थांबायला जागा नसते. तरी बाजूला उभे राहून एवढे सांगावे, की या रस्त्याने एक संपादक काम संपवून पायी घरी निघाला होता. तो आपल्या भाषेत लिहीत नव्हता, पण आपल्या गावांवर काय गुदरले ते त्याने लिहिले, आणि त्यासाठी तो घरी पोचला नाही.